शेतावरच्या कामाला कोणती गाडी?

गाडी म्हटली की आपल्या हाउसमध्ये दोन तट पडतात. एक थारवाला, दुसरा जिप्सीवाला. प्रेप संपल्यावर या विषयावर जेवढा वाद होतो तेवढा क्रिकेटवरही होत नाही. पण हा वाद दिसण्यावरून आणि आवाजावरून असतो. गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या घरी खरोखर गाडी घ्यायची ठरली, तेव्हा समजलं की शेताच्या कामाची गाडी निवडणं हे जवळजवळ गणिताचं काम आहे. ते गणित मी दोन सुट्ट्या केलं. शाळेत शेतकऱ्यांची बरीच मुलं आहेत, पालकही हे पान वाचतात, म्हणून ते इथे मांडतो.

आधी आमची अडचण सांगतो. आम्ही भिलाईला सेक्टर २ मध्ये राहतो, बाबा पोलाद कारखान्यात आहेत. आजी-आजोबा मात्र गोंदिया जिल्ह्यात, देवरी तालुक्यातल्या आमच्या शेतावर राहतात. पाच एकर धानाची शेती, एक विहीर, दोन बैल, दोन गाई. भिलाईहून दुर्ग, राजनांदगाव, बाघनदी असा मुंबई-कोलकाता महामार्गाने गेलं की शंभरएक किलोमीटर. पुढे गावापर्यंत डांबरी, मग दोन किलोमीटर कच्चा रस्ता, आणि अगदी शेवटी चारशे मीटर पांदण. मागच्या पावसाळ्यात आजीला रात्री ताप चढला, तेव्हा गावातली भाड्याची गाडी पांदणीच्या तोंडाशीच थांबली. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवर खाट बांधून तिला बाहेर आणावं लागलं. तेव्हापासून बाबांचं म्हणणं आहे की एकतर दोघांनी सेक्टर २ ला यावं आणि शेत ठेक्याने द्यावं, नाहीतर दर आठवड्याला आणि कुठल्याही रात्री थेट घरापर्यंत पोहोचेल अशी गाडी हवी. आजी क्वार्टरमध्ये चार दिवसांच्या वर राहत नाही. आजोबांनी ठेक्याचा विषय निघाला की बोलणंच बंद केलं. म्हणून गाडी.

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे वहीत एका वर्षाचं काम लिहून काढलं. हे सगळ्यांनी करावं असं मला वाटतं, कारण शोरूममध्ये गेल्यावर काम आठवत नाही, फक्त रंग आठवतो. आमची यादी साधी निघाली. जूनमध्ये बियाणं आणि खत. युरियाची गोणी आता ४५ किलोची असते, म्हणजे दहा गोण्यांचे साडेचार क्विंटल. रोवणीच्या दिवसांत गावातून बाया आणायच्या आणि संध्याकाळी सोडायच्या. मोटार जळली की ती काढून देवरीला न्यायची. कुंपणाचे खांब, तार, ढेप, कधी आजारी वासरू. आणि आजी-आजोबांना दवाखान्यात नेणं. धान विकायला नेणं हे मात्र मी यादीतून कापलं. धानाचा कट्टा ४० किलोचा भरतात, म्हणजे एक टन वाहणाऱ्या गाडीत २५ कट्टे मावतात. आमचे दोनशेच्या आसपास कट्टे होतात. त्यासाठी आठ फेऱ्या मारण्यापेक्षा वर्षातून एकदा ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्याने घेणं सोपं. चिखलणीही तशीच. बांधीत पाणी साचवून चिखल केला की तिथे फक्त लोखंडी केजव्हील लावलेला ट्रॅक्टर चालतो. जगातली कुठलीही जीप तिथे रुतणारच. तेव्हा ‘शेतात चालणारी गाडी’ असं आपण म्हणतो, पण खरं तर आपल्याला ‘शेतापर्यंत पोहोचणारी गाडी’ हवी असते.

सैन्यही गाडी अशीच निवडतं, आधी काम लिहून. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना एका छोट्या गाडीची अपेक्षापत्रिका पाठवली आणि नमुना ४९ दिवसांत मागितला. बॅन्टम नावाच्या लहानशा कंपनीने तो वेळेत दिला. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्याही आल्या आणि आपण जिला जीप म्हणतो ती गाडी तयार झाली. गंमत म्हणजे त्या पत्रिकेत गाडीचं वजन १३०० पौंड, म्हणजे साधारण ५९० किलो, एवढंच असावं असं लिहिलं होतं. ते कुणालाच जमलं नाही. प्रत्यक्षातली जीप हजार किलोच्या वर गेली. याच विलिस जीपची जोडणी महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत सुरू केली. आपल्या सैन्यातली जिप्सी सर्वांना माहीत आहे. ती ५०० किलो भार वाहणाऱ्या वर्गातली. नंतर सैन्याने जी नवी गाडी मागितली तिच्या नावातच अट होती: जीएस ८००, म्हणजे किमान ८०० किलो भार. शिवाय छत पक्कं आणि वातानुकूलन हवं. टाटा सफारी स्टॉर्म आणि महिंद्रा स्कॉर्पिओ यांच्या चाचण्या झाल्या आणि २०१७ मध्ये सफारी स्टॉर्मच्या ३,१९२ गाड्यांची मागणी नोंदवली गेली. जिप्सीवाल्या मित्रांना हे आवडणार नाही, पण सैन्याने जिप्सी मागे टाकली ती भाराच्या आकड्यावर.

आमच्यासमोर नावं होती ती अशी. काकांना थार हवी होती. बाबांच्या मनात बोलेरो कॅम्पर होती, म्हणजे पुढे डबल केबिनमध्ये पाच माणसं आणि मागे उघडा हौदा. मी पहिल्यांदा जुन्या जिप्सीचं नाव घेतलं होतं, कारण तिचं वजन जेमतेम एक टन आणि हलकी गाडी कमी रुतते. पण नवी जिप्सी आता मिळत नाही, ती पेट्रोल पिते, आणि मागच्या बाकावर आजीला महामार्गाने शंभर किलोमीटर बसवायचं म्हणजे शिक्षाच. परदेशात शेतकरी ‘साइड बाय साइड’ नावाची छोटी उघडी गाडी वापरतात, मागे छोटासा हौदा असलेली. शेतातल्या शेतात तिच्यासारखी गाडी नाही. पण अशा बहुतेक गाड्यांना आपल्याकडे रस्त्याचा नंबर मिळत नाही, त्यामुळे तिला शेतावर न्यायला दुसरी गाडी लागेल. तो विषय पाच मिनिटांत संपला.

आता थार आणि कॅम्पर. थारचे आकडे सुंदर आहेत. जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, पुढचा चढाचा कोन ४१.८ अंश, आणि ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता. कॅम्पर लांब आहे, तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तीन मीटरच्या किंचित वर, आणि मी गावातल्या एका कॅम्परखाली टेप घालून पाहिलं तर उंची साधारण १८-१९ सेंटीमीटर भरली. या आकड्यांचा उपयोग काय ते दहावीच्या त्रिकोणमितीने काढता येतं. गाडी धुऱ्यावरून पलीकडे जाताना पुढची चाकं उतरलेली आणि मागची अजून अलीकडे असतात, तेव्हा पोट धुऱ्याला टेकतं की नाही हे महत्त्वाचं. उंची भागिले चाकांमधल्या अंतराचा निम्मा, हा झाला टॅन; त्याच्या कोनाची दुप्पट म्हणजे गाडी किती टोकदार उंचवटा ओलांडेल तो कोन. थारचं अंतर २४५० मिलिमीटर आहे, म्हणून कोन सुमारे २१ अंश येतो. कॅम्परचा १४ अंश. (कंपनी थारचा कोन २७ अंश सांगते. ते बरोबर आहे, कारण गाडीचा सर्वात खालचा भाग बरोबर मध्यावर नसतो, चाकांच्या बाजूला असतो.) म्हणजे धुरा ओलांडायचा तर थार सरस, यात शंका नाही. पण आमच्या पांदणीत धुरा ओलांडावाच लागत नाही. तिथे खोल चाकोऱ्या आहेत आणि चिखल आहे.

चिखल कसला, हेही बघावं लागतं. आमच्या भागात आजोबा मातीला नावाने ओळखतात. कन्हार म्हणजे काळी चिकण भारी माती, मोरांड त्याहून हलकी, सिहार पिवळसर रेताड, आणि बर्डी म्हणजे उंचवट्यावरची मुरमाड. छत्तीसगडात हीच उतरंड कन्हार, डोरसा, मटासी, भाटा अशी सांगतात. राज्य बदललं तरी कन्हार तीच राहते. सिहार आणि बर्डीवर पाऊस थांबल्यावर दोन तासांत कुठलीही बरी गाडी जाते. कन्हारीत मात्र टायरच्या खाचा मातीने भरतात आणि टायर लाडवासारखा गुळगुळीत होतो. मग चारही चाकांना ताकद असली तरी चारही चाकं जागच्या जागी फिरतात. आमच्या चारशे मीटरपैकी अडीचशे मीटर कन्हार आहे.

फोर बाय फोर म्हणजे काय याबद्दल आपल्यात बराच गैरसमज आहे म्हणून थोडं सांगतो. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं, ते दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. याचा तोटा असा की एक चाक चिखलात आणि दुसरं कोरड्यावर असेल तर चिखलातलं चाक नुसतं गरगर फिरतं आणि कोरड्यावरचं उभं राहतं. फोर बाय फोरमध्ये पुढच्या चाकांनाही ताकद मिळते, त्यामुळे चारांपैकी कुणाला तरी पकड सापडण्याची शक्यता वाढते. लो गिअर टाकला की चाकं सावकाश पण जोराने फिरतात. म्हणजे फोर बाय फोर पकड वापरतं, पकड तयार करत नाही. पकड तयार होते टायरने आणि वजनाने. चिखलाचे खोल खाचांचे टायर, आणि चिखलात शिरण्याआधी हवा थोडी कमी करणं, म्हणजे टायर पसरून जमिनीला जास्त टेकतो. बाहेर आल्यावर पंपाने हवा परत भरायची, विसरायचं नाही, नाहीतर महामार्गावर टायर तापून फुटेल. पिकअपची आणखी एक खोड असते. हौदा रिकामा असला की मागची चाकं हलकी पडतात आणि लगेच फिरतात. म्हणून गावातले ड्रायव्हर पावसाळ्यात मागच्या चाकांच्या बरोबर वर रेतीच्या तीन-चार गोण्या टाकून ठेवतात.

पाण्याबद्दल मात्र मी घरी सर्वात जास्त बोललो, कारण काका ते ६५० मिलिमीटर पुन्हा पुन्हा सांगत होते. आमच्या रस्त्यात नाल्यावर एक रपटा आहे, जोराचा पाऊस झाला की तो बुडतो. कंपनीचा आकडा साठलेल्या, शांत पाण्याचा असतो. वाहतं पाणी वेगळं. आर्किमिडीजचा नियम लावा. गाडीच्या तळाचं क्षेत्रफळ साधारण सहा चौरस मीटर धरलं तर पाणी तळाला लागल्यानंतर प्रत्येक दहा सेंटीमीटर चढीला गाडीचं ६०० किलो वजन पाणी उचलून धरतं. पावणेदोन टनाची थार म्हणजे तळाच्या वर तीस सेंटीमीटर पाणी चढलं की, आत पाणी शिरेपर्यंत तरी, ती जवळजवळ तरंगायला लागणार. तरंगणाऱ्या गाडीला चार चाकांची ताकद असून काय उपयोग? प्रवाह तिला बाजूने ढकलतो आणि रपट्याला कठडा नसतो. तेव्हा रपटा बुडाला की थांबायचं, गाडी कुठलीही असो. त्या दिवसांसाठी आम्ही आजीची औषधं महिन्याभराची जादा ठेवतो.

शिकारीचा विषय यात कसा आला ते सांगतो. काकांना थार हवी होती त्यामागे रानडुकरं होती. दरवर्षी धान निसवलं की डुकरांचे कळप येतात आणि एका रात्रीत बांधीच्या बांधी लोळवून टाकतात. काकांच्या ओळखीचे काही जण म्हणतात, गाडीला वर दिवा लावायचा आणि रात्री मागे लागायचं. हा राग मला समजतो, आजोबांना मचाणावर रात्रभर डबा वाजवत बसलेलं मी पाहिलं आहे. पण गाडीतून शिकार या गोष्टीचा इतिहास आमच्याच बाजूचा आहे. आजच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानाचे राजे रामानुज प्रताप सिंह देव यांनी १९४७ मध्ये रात्री मोटारीतून जाताना दिव्याच्या उजेडात एकत्र बसलेले तीन चित्ते मारले. तिन्ही नर होते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची माहिती छापून आली तेव्हा संपादकांनीच त्यावर कडक शब्दांत नाराजी लिहिली. भारतातल्या चित्त्यांची खात्रीलायक नोंद ती जवळजवळ शेवटचीच. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा सुरुवातीला परवान्याने काही शिकार करता येत होती, पण तेव्हाही वाहनातून शिकार करायला बंदी होती. १९९१ च्या दुरुस्तीनंतर ती परवान्याची शिकारही संपली. आज पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत वनखात्याचा अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, पण तो निर्णय त्यांचा, गाडीवर दिवा लावणाऱ्याचा नाही. आणि गुन्ह्यात वापरलेली गाडी सरकारजमा होऊ शकते, हे मी काकांना वाचून दाखवलं. त्यानंतर दिव्याचा विषय निघाला नाही. देवरीच्या आसपासचं जंगल नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचं आहे, हेही विसरून चालत नाही. डुकरांसाठी सौर कुंपण घ्यायचं ठरलं. ते हलका झटका देतं, जीव घेत नाही. थेट खांबावरून तार ओढून वीज सोडणं हा प्रकार वेगळा. त्यात डुकरांबरोबर माणसंही मरतात.

आता बसणाऱ्या माणसांचं. रोवणीच्या बाया हौद्यात बसवून आणणं आमच्याकडे इतकं सवयीचं आहे की त्यात कुणाला वावगं वाटत नाही. २० मे २०२४ ला छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या मजुरांची पिकअप दरीत कोसळली आणि १९ जण गेले. त्यांत बहुतेक बैगा समाजाच्या स्त्रिया होत्या. हौद्यात धरायला काही नसतं, गाडी कलंडली की माणूस आधी बाहेर फेकला जातो. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवायला कायद्यानेही मनाई आहे. म्हणून आमच्या यादीत अट लिहिली गेली: केबिनमध्ये ड्रायव्हरसह पाच, हौद्यात फक्त माल. बाया आठ असतील तर दोन फेऱ्या. गाव दोन किलोमीटरवर आहे, दोन फेऱ्यांना किती डिझेल लागणार?

इथे थार मागे पडली. तीन दारांच्या थारमध्ये चौघंच, मागे जायला पुढची सीट वाकवून चढावं लागतं, आजीला ते होणार नाही. मागे चौघं बसल्यावर खताच्या दोन गोण्यासुद्धा नीट राहत नाहीत. पाच दारांची रॉक्स आहे, पण ती आणि फोर बाय फोर थार दोन्ही बाबांच्या रकमेच्या बाहेर. कॅम्पर साधारण एक टन वाहते, तिचं डिझेल इंजिन जुन्या पद्धतीचं, अडीच लिटरचं, ताकद फार नाही पण देवरीतला कुठलाही मिस्त्री ते उघडतो. सांगाडा लाकडी शिडीसारखा, दोन लांब पट्ट्या आणि आडव्या पट्ट्या, त्यामुळे चाकोरीत गाडी पिळली गेली तरी भार तो सांगाडा सोसतो. मागे पाटे आहेत, म्हणून रिकामी गाडी उडते. आजीसाठी पुढची सीट राखीव.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं पण लक्षात ठेवण्यासारखं. कॅम्पर मालवाहू म्हणून नोंदली तर फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी करावं लागतं. लायसन्सची भीती मात्र नको. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि २०२४ मध्ये घटनापीठाने ते कायम ठेवलं. दुसरं, गाडी ज्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहते तिथला नंबर घ्यावा लागतो. आमची गाडी सेक्टर २ मध्ये उभी राहणार म्हणून दुर्गचा सीजी ०७ च घेऊ. शेतावर कायम ठेवली असती तर गोंदियाचा एमएच ३५ लागला असता.

सगळं ठरल्यावर आजोबांना फोनवर वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, “गाडी त घ्या, पण कन्हारीत फसली त काढन कोन?” प्रश्न बरोबर होता. त्या अडीचशे मीटर कन्हारीला फोर बाय फोर, टायर, रेतीच्या गोण्या या सगळ्यांचं उत्तर ‘बहुतेक वेळा’ असं आहे, आणि रात्रीच्या तापाला ‘बहुतेक वेळा’ चालत नाही. मग मी उलटं गणित केलं. पांदण ४०० मीटर, रुंदी ३ मीटर, थर १५ सेंटीमीटर, म्हणजे १८० घनमीटर मुरूम. एक ब्रास २.८३ घनमीटर, म्हणजे साधारण ६४ ब्रास, ट्रॉलीत एक ब्रास धरला तर ६४ ट्रॉल्या. कॅम्पर फोर बाय फोर आणि थार यांच्या किमतीतल्या फरकात हे काम होऊन पैसे उरतात. मुरूम पडल्यावर आजारी माणसासाठी येणारी कुणाचीही गाडी आत येईल, फक्त आमची नाही. शेजारच्या तीन शेतांची पांदण तीच आहे. महाराष्ट्रात पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना आहे, तिच्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे, पण तिची वाट बघत पावसाळा घालवायचा नाही असं बाबा म्हणतात.

म्हणून आता क्रम असा आहे: आधी मुरूम, मग गाडी. शेजाऱ्यांपैकी दोघांनी आपापला ट्रॅक्टर द्यायचं कबूल केलं आहे, तिसरे अजून विचार करत आहेत. थर एप्रिलमध्ये टाकायचा, दोन्ही बाजूंना पाणी जायला चर काढायचा आणि जूनच्या आधी रोलर फिरवून घ्यायचा. बोर्डाची परीक्षा संपली की चर किती खोल लागेल ते मोजायला मी जाणार आहे. नकाशा वाचनाच्या तासाला शिकलेली उताराची पद्धत तिथे वापरून बघतो.